काळ्या पट्ट्याचं पहिलं काम

माझ्या बायकोला ज्युदोचा ब्लॅक बेल्ट मिळाला तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. आणि तो मिळायच्या पाच मिनिटं आधी आपण नापास झालो, अशी तिची खात्रीच होती.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. अकरा वर्षांपूर्वी तिच्या ओळखीची एक नर्स ज्युदो शिकायला निघाली होती, तिला सोबत म्हणून ही गेली. नर्स तिसऱ्या आठवड्यात कंटाळली, ही चिकटली. फर्निचरच्या गोदामावर एक लांबलचक हॉल आहे, तिथे आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग भरतो. शिकवणाऱ्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात. वय एकाहत्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, आयुष्यभर टपाल कचेरीत पत्रं निवडण्याचं काम केलेलं. बाई कुणालाच नावाने हाक मारत नाहीत, कामाने मारतात. त्यामुळे माझी बायको तिथे ‘एक्सरे’. मी नुसता तिला घ्यायला जातो, तरी मला ‘काच’ हे नाव पडलंच.

परीक्षेला तिच्यासमोर जोडीदार म्हणून एक ट्रक ड्रायव्हर होता. अंगाने त्याच्या ट्रकच्याच घराण्यातला. ठरलेल्या क्रमाने त्याला पंधरा वेळा पाडायचं होतं. मी भिंतीशी बाकावर बसून मोजत होतो. ज्युदोतलं मला एवढंच कळतं, आणि तेही तिनेच सांगितलेलं, की पाडणाऱ्याने समोरच्याची बाही सोडायची नसते. तो खाली येताना ती वर ओढून धरायची, म्हणजे त्याचं डोकं आपटत नाही. चौदा वेळा तो अवाढव्य माणूस हवेत गेला आणि चौदा वेळा तिच्या मुठीला लटकून अलगद गादीवर आला. मी रोज जिच्याशी गॅस सिलिंडरवरून भांडतो, ती हीच का, असं मला वाटत होतं.

पंधराव्या वेळी ड्रायव्हरचा पाय घामावर सरकला. तो उचलला गेला तो वाकडाच. डोकं खाली, खांदा वर. एका क्षणाचा खेळ. तिने डाव अर्ध्यात सोडला, गुडघ्यावर बसली आणि त्याच्या मानेखाली स्वतःचा हात घातला. दोघं मिळून पोत्यासारखी कोसळली.

तीन परीक्षकांपैकी मधल्याने विचारलं, “शेवटचा डाव पूर्ण का केला नाही?”

“त्याची मान खाली येत होती, सर.”

“पूर्ण केला असतात तर बाहेरून कुणाला काही कळलं नसतं. डाव सुरेख दिसला असता.”

“हो.”

“मग?”

ती धापा टाकत होती. “मी रोज मोडलेल्या मानांचे फोटो काढते, सर,” ती म्हणाली.

त्याने कागदावर काहीतरी लिहिलं, पेनचं टोपण लावलं आणि बाईंकडे बघून मान डोलावली. बाई उठल्या. नवा पट्टा इतका ताठ होता की गाठ बसेना. बाईंनी दोन्ही टोकं धरून दोनदा कचकन आवळली, आणि माझ्या बायकोचे डोळे भरून आले. ड्रायव्हर तर उघड उघड रडत होता.

टाळ्या थांबल्यावर बाई म्हणाल्या, “एक्सरे, आता वर्षभर मी तुला एकही नवीन डाव शिकवणार नाही. पडायला घाबरणारा एक माणूस शोध आणि त्याला पडायला शिकव. मुलं आणू नकोस. मुलं पडतच असतात.”

“असा माणूस मी कुठे शोधू, बाई?”

“ते मी सांगितलं तर तो पट्टा माझ्याच कमरेला बांधावा लागेल.”

आम्ही घरी आलो. दार उघडलं. समोर खिडकीपाशी, रोजच्या खुर्चीत, अण्णा बसले होते. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“नाही,” मी म्हणालो.

“मी काही बोलले का?”

“बोलायच्या आधीच सांगतोय. नाही.”

अण्णा म्हणजे माझे वडील, वय चौऱ्याहत्तर. पस्तीस वर्षं त्यांनी नदीवरच्या लोखंडी पुलाला रंग दिला. पूल इतका लांब, की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला गंज धरायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. कमानीच्या माथ्यावर, खाली नुसतं पाणी आणि वारा, अशा जागी ते डबा खायचे. त्या पस्तीस वर्षांत एकदाही पाय घसरला नाही. निवृत्त झाले, आणि कितीतरी वर्षांनी घरातल्या बाथरूममध्ये साबणावरून पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड सांधलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण अण्णा खुर्चीतून उठेनात. उठले तरी भिंत धरून संडासापर्यंत आणि परत. चौदा महिने झाले होते. त्यांच्या सगळ्या फिल्म माझ्या बायकोने स्वतः काढलेल्या, त्यामुळे तिला आतलं ठाऊक होतं. “फोटोत सगळं ठीक आहे,” ती म्हणायची, “पण भीतीचा फोटो निघत नाही ना.”

अण्णांना तिच्या ज्युदोचं कौतुक कधीच नव्हतं. “एक जण बसून काचा घासतो, दुसरी लोकांना आपटते. छान घर आहे,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

दुसऱ्या दिवशी चहाचे कप घेऊन ती त्यांच्यासमोर बसली आणि सरळ विषयाला हात घातला.

“अण्णा, मला बाईंनी एक काम दिलंय. पडायला घाबरणाऱ्याला पडायला शिकवायचं. तुम्ही घाबरता. मला तुमची मदत हवी.”

मी कपाळाला हात लावला. अण्णांना कुणी तोंडावर ‘घाबरता’ म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांनी चहावर एक फुंकर घातली.

“म्हणजे तुझ्या परीक्षेचं गाढव मी व्हायचं.”

“हो.”

“निदान खोटं तरी बोलत नाहीस,” अण्णा म्हणाले. “काय करायचं सांग.”

आम्ही बैठकीच्या खोलीतलं टेबल भिंतीशी सरकवलं आणि दोन गाद्या जोडून अंथरल्या. पहिला आठवडा अण्णा नुसते उताणे झोपायचे. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं अधांतरी राहतं. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, आणि तळव्यांनी गादीवर एकदम थाप. पडण्याचा जोर त्या थापेतून निघून जातो. “एवढंच?” अण्णा म्हणायचे. “यासाठी अकरा वर्षं लागली तुला?” दुसऱ्या आठवड्यात ते बसल्या जागेवरून मागे लवंडायला लागले. तिचा तळवा त्यांच्या मानेखाली आधीच जाऊन थांबलेला असे. तिसऱ्या आठवड्यात मला दुकानातून आल्यावर थपाथप आवाज जिन्यातूनच ऐकू यायला लागले. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिंपीणबाईंनी मला गाठून विचारलं, “वर धुणं धुता की भांडता?”

चौथ्या आठवड्यात घात झाला.

त्या दिवशी उकिडवं बसून मागे पडायचं होतं. अण्णा म्हणाले, “आज नको. गुडघा कुरकुरतोय.”

तिने आदल्याच दिवशी हॉलमध्ये बाईंना सांगितलं होतं की आमचं फार छान चाललंय. डोक्यात तेच असावं. ती म्हणाली, “काही होत नाही हो, अण्णा. मी आहे ना!”

अण्णा उकिडवे बसले. गुडघा दुमडला, ते मागे न जाता बाजूला कलंडले, गादीच्या कडेवरून बाहेर. तिचा हात मानेखाली पोचला, मान वाचली. पण बरगड्या टेबलाच्या पायावर आदळल्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

हॉस्पिटलात तिनेच त्यांना यंत्रासमोर उभं केलं. तिनेच म्हटलं, “श्वास रोखा.” मग आतल्या खोलीत जाऊन ती पडद्यावर बघत राहिली. मी तिच्या मागे उभा होतो. सातव्या बरगडीवर केसासारखी एक रेघ होती. मला तर ती दिसलीही नसती, तिने बोटाने दाखवली.

“वीस वर्षं दुसऱ्यांनी मोडलेली हाडं बघतेय,” ती म्हणाली. “ही माझी आहे.”

मी तेव्हा जे बोललो ते इथे लिहीत नाही. रागात माणूस बोलतो. तिने ऐकून घेतलं आणि फिल्म डॉक्टरांकडे नेली, त्याचीच मला नंतर लाज वाटली.

संध्याकाळी ती पट्टा घडी करून हॉलवर गेली. बाई गाद्या पुसत होत्या.

“बाई, हा परत घ्या. माझी लायकी नाही.”

बाईंनी पट्ट्याकडे बघितलंही नाही. “माझं काय दुकान आहे? दिलेली वस्तू परत घेत नाही मी. काय झालं ते सांग.”

तिने सगळं सांगितलं. बाईंनी फडकं पिळलं, वाळत घातलं आणि म्हणाल्या, “उद्या दुपारी तुझ्या घरी येते.”

बाई आल्या त्या साध्या सुती कपड्यांत, हातात छत्री. अण्णा छातीला पट्टी बांधून खुर्चीत बसले होते. मला वाटलं बाई आता सुनेची बाजू घेतील, किंवा निदान चार समजुतीच्या गोष्टी करतील. त्यांनी स्टूल ओढलं आणि अण्णांना विचारलं, “तुम्ही काय म्हणाला होतात तिला?”

“आज नको म्हणालो होतो.”

बाई माझ्या बायकोकडे वळल्या. “एक्सरे, पकडीत सापडलेल्याने ‘सोड’ म्हणून दोनदा थाप मारली तर काय करतेस?”

“लगेच सोडते.”

“यांनी तोंडाने थाप मारली होती. तू सोडलं नाहीस.”

ती खाली मान घालून उभी राहिली. मग बाई अण्णांना म्हणाल्या, “तुम्हाला काय शिकवायला मी हिला सांगितलंय, ते तुम्ही कधी बघितलंच नाही. या गाद्या जरा उचल रे, काच.”

मी गाद्या गुंडाळल्या. खाली उघडी फरशी. बाईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. तो मीच घासलेल्या काचांचा होता, डाव्या डोळ्याचा नंबर बराच जास्त. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. पातळ मनगटं, पांढरी वेणी, निळ्या शिरा दिसणारी पावलं. आणि कुठेही आधार न घेता त्या सरळ मागे पडल्या.

मी ओरडलोच. पण माझ्या ओरडण्याआधी थाप ऐकू आली होती. एकच, खणखणीत, जणू कुणी ओलं कापड दगडावर झटकलं. खिडकीची तावदानं थरथरली. बाई फरशीवर आडव्या होत्या, डोकं वीतभर वर, डोळे उघडे, श्वास शांत. वाळलेलं पान जसं जमिनीवर येतं आणि जमिनीला त्याचा राग येत नाही, तशा. मग त्यांनी एक पाय दुमडला, एक हात टेकला आणि उभ्या राहिल्या. वेणी पाठीमागे टाकली. मी चष्मा द्यायला विसरलो होतो.

अण्णा खुर्चीच्या काठावर आले होते. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लहानपणी एकदाच बघितलं होतं, पुलाखालून पहिल्यांदा मोठं जहाज गेलं तेव्हा.

“पुन्हा एकदा,” ते म्हणाले.

“नाही,” बाई म्हणाल्या. “या वयात फरशीवर दिवसातून एकदाच. आणि शिकवायचं काम माझं नाही. ते हिचं आहे, तुम्ही परवानगी दिलीत तर.”

मग अण्णांनी सुनेकडे हात पुढे केला. “तो पट्टा आण बघू तुझा.”

तिने आणला. अण्णांनी तो बोटांमध्ये धरून वीण चाचपली, दोन्ही हातांनी ताणून बघितला, टोक उलटं केलं.

“याला कडी नाही,” ते म्हणाले.

“कसली कडी?”

“माझ्याही कमरेला पस्तीस वर्षं पट्टा होता. त्याला कडी, कडीला दोर. दोराचं दुसरं टोक वरच्या माणसाकडे. नवीन होतो तेव्हा वर कुणीतरी असायचं. मग एके दिवशी मुकादमाने मला वर बसवलं आणि खाली नवीन पोरगा. त्या दिवशी मला डबा गेला नाही.” ते थांबले. बरगडी दुखत असावी. “वर बसणाऱ्याने ‘मी आहे ना’ म्हणायचं नसतं, सूनबाई. दोर ओढून बघायचा. खालच्याने एकदा हिसका दिला की समजायचं, तयार आहे. नाही दिला तर सूर्य मावळेपर्यंत थांबायचं.”

“चुकलं माझं, अण्णा.”

“चुकलंच,” अण्णा म्हणाले आणि पट्टा तिला परत दिला. “बरगडी भरली की परत सुरू करू. टेबल मात्र दुसऱ्या खोलीत न्या.”

बरगडी भरायला सात आठवडे लागले. तिनेच फिल्म काढली, डॉक्टरांना दाखवली, त्यांची परवानगी घेतली. मग गाद्या पुन्हा अंथरल्या. पण या वेळी सगळं फार सावकाश होतं. अण्णा जागेवर बसत, ती त्यांच्यामागे गुडघ्यावर. ती काहीच बोलत नसे. अण्णा स्वतःशी काहीतरी ठरवत आणि तिच्या बाहीला एक हिसका देत. मगच पुढे. कधी कधी हिसका येतच नसे. अर्धा अर्धा तास दोघं तशीच बसून राहत, मग ती उठून चहा ठेवी. मला चहाच्या वासावरून कळायचं की आज अण्णांनी नको म्हटलं. तिचा चेहरा अशा दिवशी उतरलेला नसे. त्याचंच मला नवल वाटायला लागलं होतं. अकरा वर्षांत ती पाडायला शिकली होती. आता ती वाट बघायला शिकत होती, आणि हे दुसरं जास्त अवघड दिसत होतं.

चार महिन्यांनी अण्णा म्हणाले, “हॉलवर जाऊ.”

चौदा अधिक सात, असे एकवीस महिने ते घराबाहेर पडले नव्हते, हॉस्पिटल सोडून. जिना उतरायला आम्हाला पाव तास लागला. गोदामाचा जिना चढायला त्याहून जास्त. हॉलमध्ये वर्ग चालू होता. ड्रायव्हरने त्यांना पाहिलं आणि सगळ्यांना हाताने थांबवलं. लोक आपोआप भिंतीशी जाऊन बसले. बाई कोपऱ्यात होत्या, त्या जागच्या हलल्या नाहीत.

अण्णा गादीच्या मधोमध उभे राहिले. उंच, हडकुळे, पायजम्याची नाडी दोनदा बांधलेली. त्यांच्यामागे माझी बायको, पांढऱ्या पोशाखात, काळा पट्टा बांधून. आता तो थोडा मऊ पडला होता. तिने हात पुढे केला. अण्णांनी तिची बाही धरली.

ते थांबले. आम्ही थांबलो. खाली गोदामात कुणीतरी लाकडाला रंधा मारत होतं, तेवढाच आवाज. अण्णांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता ते नको म्हणतील आणि आपण घरी जाऊ, आणि त्यातही काही बिघडणार नाही.

मग त्यांनी हिसका दिला.

गुडघे दुमडले, हनुवटी छातीला गेली, आणि माझा बाप, चौऱ्याहत्तर वर्षांचा, जो कुठल्याही उंचीवरून कधी पडला नव्हता, तो स्वतःच्या इच्छेने मागे पडला. दोन्ही तळवे एकदम गादीवर आदळले. तिचा हात त्यांच्या मानेखाली होता, पण मानेला लागलाच नाही. बोटभर अंतर राहिलं होतं. ते बोटभर अंतर मी पाहिलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ड्रायव्हर नुसता उभा राहिला. मग एकेक करत सगळे उभे राहिले. अण्णा अजून आडवेच होते.

“लागलं का?” माझ्या बायकोने हळूच विचारलं.

“गप्प बस,” अण्णा म्हणाले. “मला बघू दे जरा.” काय बघत होते कोण जाणे. मग ते कुशीवर वळले आणि आपले आपण उठले.

बाई तेव्हा पुढे आल्या. त्यांनी माझ्या बायकोच्या पट्ट्याची सुटत आलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. “आज मिळाला तुला,” एवढंच म्हणाल्या. परीक्षा होऊन सात महिने झाले होते.

आता शनिवारी सकाळी त्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा वर्ग भरतो. माणसं जमवायचं काम अण्णांनी अंगावर घेतलंय. ते काठी टेकत दारोदार जातात आणि लोकांना तोंडावर विचारतात, “घाबरता का?” काही जण दार लावून घेतात, काही येतात. सध्या नऊ जण आहेत. माझ्या बायकोला कुणी ‘ब्लॅक बेल्ट’ म्हटलं की ती अजून गोंधळते. परवा म्हणाली, “तो बांधला की वजन वाढल्यासारखं वाटतं. काढला तरी उतरत नाही.” तक्रार करत नव्हती. काच पुसावी तशी सहज म्हणाली.

गेल्या शनिवारी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची पहिली वेळ होती. दोन महिने त्या नुसत्या बाकावर बसून इतरांच्या चुका काढत होत्या. त्या दिवशी उठल्या, गादीवर बसल्या, माझ्या बायकोची बाही धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग हिसका दिला. पडल्या. थाप जरा तिरकी बसली, पण बसली. सगळे त्यांना उठवायला पुढे सरसावले.

“थांबा की मेल्यांनो,” शिंपीणबाई उताण्या पडल्या पडल्या ओरडल्या. “किती वर्षांनी जमिनीवरून छत बघतेय. बघू तरी द्या.”